ज्याला भोक, ते आपलं

पैजा लावण्याचा लतिकाबाईंचा स्वभाव नव्हता. सगळी हयात पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात गेली. वर्षानुवर्षं उलटा ‘ब’ काढणाऱ्या पोरांनाही ज्या बाईनं ‘छान, आता जरा सुलटा काढ’ एवढंच म्हटलं, ती बाई सहसा तोल सोडत नाही. पण गणपती उठल्यानंतरच्या मधुमालती कॉलनीच्या सभेत देवव्रतराव उभे राहिले, ‘पेव्हर ब्लॉक’ हे शब्द त्यांनी कुलदैवताचं नाव घ्यावं तसे उच्चारले, आणि लतिकाबाईंचा तोल गेला.

देवव्रतराव निवृत्त इंजिनियर आणि कॉलनीचे सेक्रेटरी. माणूस सरळ, पण उघडी माती दिसली की कुणीतरी काम अर्धवट टाकून पळालंय असं त्यांना वाटे. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या कॉलनीत आता माती उरली होती ती फक्त मधल्या मोकळ्या जागेत. तिथं लतिकाबाई आणि कॉलनीतली मुलं पावसाळ्यापासून चार वाफे करून बसली होती.

“चिखल होतो, डास होतात,” देवव्रतराव म्हणाले. “ब्लॉक बसवले की वाढदिवस करा, हळदीकुंकू करा. खुर्ची ठेवली तर डुगडुगणार नाही.”

“आणि मुलांची बाग?”

“बाग कसली, ताई? मेथी आहे. तीसुद्धा पिवळी. या बागेनं कॉलनीला आजवर एक जुडी तरी दिली का?”

सभा हसली. हसण्यात लतिकाबाईंचे यजमान शामसुंदरही होते. नंतर त्यांनी तो खोकला होता असा खुलासा केला, पण तो मान्य झाला नाही.

“भोगीला अख्ख्या कॉलनीला भोगीची भाजी घालीन,” लतिकाबाई म्हणाल्या. “याच बागेतली. घातली तर बाग राहील. नाही घातली तर खुशाल ब्लॉक बसवा.”

देवव्रतरावांनी ते लगेच इतिवृत्तात घातलं.

घरी येताना लतिकाबाईंच्या लक्षात आलं, की संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती भाजी म्हणजे काही नुसती भाजी नव्हे, ते संमेलन असतं. वांगी हवीत, गाजरं हवीत, पावटा हवा, हरभऱ्याचे ओले घाटे हवेत, बोरं हवीत.

“अगं, आपल्याकडे सध्या मेथीच आहे ना?” शामसुंदरांनी कुलूप उघडता उघडता विचारलं.

“हो.”

“पिवळी?”

“हो.”

“बरं,” म्हणून ते पेपर घेऊन बसले. सुखी संसाराचं रहस्य कुठं शब्दकोडं सोडवायला घ्यावं हे कळण्यात आहे, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सल्ला ही एकमेव गोष्ट अशी की जी कॉलनीत खताशिवाय, पाण्याशिवाय, बारमाही पिकते. कुणी म्हणालं, ताक घाला. कुणी म्हणालं, ताक घालाल तर मुंग्या येतील, चहाचा चोथा घाला. एका जावईबापूंनी मुंबईहून फोनवर सांगितलं की रोपांना सतार ऐकवा. सतार कुणाकडे नव्हती. तळमजल्यावरच्या मृण्मयीची हार्मोनियम होती. ती दोन दिवस ऐकवली, आणि तिसऱ्या दिवशी आसपासच्या घरांतून विनंत्या आल्या.

सगळ्यात मोठा सल्लागार म्हणजे वाल्मीक. दिंडोरीकडे घरची द्राक्षबाग, आणि शहरात खतं-औषधांचं दुकान. पानावर ठिपका दिसला की त्याचा हात आपोआप पाठीवरच्या पंपाकडे जाई. पाठीवर पंप नसला तरी जाई.

“बाई, एक फवारा मारतो. लय भारी औषध हाय. अळीच काय, अळीचा विचारसुद्धा ऱ्हानार नाय.”

“नको रे वाल्मीक. इथं मुलं येतात. पाखरंही आली पाहिजेत.”

“पाखरं?” वाल्मीक गंभीर झाला. “आमच्याकडं पाखरं येऊ नये म्हणून जाळी लावत्यात, बाई. तुम्ही आवतण देता!”

आवतण खरंच दिलं होतं. लतिकाबाईंना भाजीपेक्षा मुलं मोठी करायची होती, आणि मुलांना भाजीपेक्षा बेडूक हवा होता. म्हणून बागेत पाण्याची परळं आली, पोकळ बांबूच्या नळ्यांची किडेवाडी आली, फुलपाखरांसाठी कढीपत्त्याची आणि लिंबाची रोपं आली. मग लतिकाबाईंनी मुलांना जमिनीवर बसवून नियम सांगितला. “जे पिकेल त्याचे तीन वाटे. एक पाखरांचा, एक किड्यांचा, एक आपला. कळलं?”

“कळलं,” मुलं म्हणाली. शिकवलेलं मुलांना खरोखरच कळलं तर काय होतं, याचा अनुभव शिक्षकाला फार क्वचित येतो. लतिकाबाईंना तो यायचा होता.

आधी पाण्याचा प्रश्न आला. मोकळ्या जागेत बोअर होता. त्याच्या मोटारीचं वीजमीटर मात्र गणेश मंडळाच्या नावावर होतं, आणि मंडळ भाद्रपदात जागं होऊन अनंत चतुर्दशीला झोपत असे. जोडणी सुरू ठेवायला मंडळाच्या खजिनदाराची सही हवी होती. हा खजिनदार, मल्हारी, सिन्नरच्या कारखान्यात रात्रपाळीला असे आणि दिवसा झोपे. लतिकाबाई मुलांची रांग घेऊन त्याच्या दारात तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा मुलांनी दारातच आरती म्हटली. मल्हारी खडबडून उठला, भाद्रपद आला असं समजून बनियनवरच बाहेर आला आणि सही देऊन पुन्हा झोपला.

पाणी मिळालं. मग लतिकाबाईंच्या मनात आलं की एवढं सगळं करतोच आहोत तर रीतसर कळवूनही टाकावं. त्यांनी शाळेतल्या सुवाच्य अक्षरात सरकारी कचेरीला अर्ज केला: ‘विषय – कॉलनीच्या मोकळ्या जागेत वन्यजीवांचे स्वागत करण्याबाबत.’

नाशिकच्या माणसानं, ज्या शहरात बिबट्या अधूनमधून पार्किंगमध्ये डोकावून जातो तिथल्या माणसानं, असा विषय लिहू नये. आठवड्याच्या आत एक जीप आली. मागं पिंजरा होता.

“कुठं दिसला?” खाकी कपड्यातल्या माणसानं विचारलं.

“कोण?”

“बिबट्या.”

“अहो, मी फुलपाखरांबद्दल लिहिलं होतं.”

“अर्जात वन्यजीव हाय.”

“फुलपाखरू वन्यजीवच आहे ना?”

त्यानं थोडा विचार केला. “हाय, ते बी खरं हाय. पन ते पिंजऱ्यात ऱ्हात नाय.” मग त्यानं चहा घेतला, मुलांना बिबट्याच्या आणि कुत्र्याच्या पावलातला फरक ओल्या मातीत काढून दाखवला आणि तो हसत निघून गेला. मुलांच्या मते तो दिवस दिवाळीपेक्षा बरा गेला.

पण पिंजरा गॅलऱ्यांतून दिसला होता. संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या व्हॉट्सॲपवर बिबट्या आला, रात्रीपर्यंत त्याला दोघांनी पाहिलं, आणि सकाळी एकानं त्याची शेपटी कुठल्या गाडीखालून दिसत होती तेही सांगितलं. मॉर्निंग वॉक बंद पडले. दूधवाला गेटवरूनच हाक मारू लागला. देवव्रतरावांनी ग्रुपवर शांतपणे लिहिलं, ‘ब्लॉक असते तर हे घडलं नसतं.’ त्यावर शामसुंदरांनी चुकून अंगठा दिला. अंगठा परत घेतला, पण तोवर तो लतिकाबाईंनी पाहिला होता. त्या दिवशी घरात नुसतंच वरण होतं.

त्याच आठवड्यात देवव्रतरावांनी नमुना म्हणून ब्लॉकचा एक ढीग, लाकडी फळ्यांवर रचून, बागेच्या कोपऱ्यात आणून ठेवला. एका ओळीत, ओळंबा लावल्यासारखा. लतिकाबाई रोज पाणी घालायला गेल्या की तो ढीग त्यांच्याकडे थंडपणे बघे.

आणि बाग? बाग खरंच आली! थंडी पडली तशी वांग्यांची रोपं कमरेला लागली, पावट्याचा वेल कुंपणावर चढला, हरभरा फुलला. पण आवतण दिलेले पाहुणेही आले. कढीपत्त्यावर अळ्या आल्या. मुलांनी प्रत्येक अळीचं बारसं केलं. बुलबुल आले, मुनिया आल्या. एका शिंजीर जोडप्यानं थेट देवव्रतरावांच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेला घरटं टांगलं. त्यांच्या नव्वदीच्या आई, अंबूबाई, गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्या घरट्यावर पहारा करू लागल्या, आणि देवव्रतरावांचे शर्ट गच्चीवर वाळू लागले.

मग घाटे भरले आणि पोपट आले. पोपट हा पक्षी खातो कमी आणि टाकतो फार. लतिकाबाईंचा धीर सुटला. त्या दुपारी गुपचूप जुन्या सीडी दोऱ्यात ओवून हरभऱ्यावर टांगायला गेल्या, तर मागून आवाज आला.

“आजी, हे काय करतेस?” तनय होता. दुसरीतला, आणि न्यायाधीश व्हायला जन्मलेला.

“अरे, पोपटांना जरा…”

“पण तूच म्हणालीस ना, एक वाटा त्यांचा?”

“त्यांचा वाटा झाला रे खाऊन!”

“कशावरून?”

लतिकाबाईंनी सीडी पदराखाली घेतल्या. आयुष्यभर ज्या मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून धडपड केली, त्यांतलं एक अखेर विचारत होतं. तेही अशा वेळी.

वांग्यांत अळी शिरली. गाजरं करंगळीएवढी झाली तोच जमिनीखालून घूस आली आणि तिनं आपला कुठला वाटा वगैरे न विचारता अर्धी ओळ संपवली. वाल्मीक रोज कुंपणापाशी उभा राहून, रुग्णालयात नातेवाईक उभे राहतात तशा चेहऱ्यानं म्हणे, “बाई, अजून येळ गेली नाय. एकच फवारा.” लतिकाबाई मान हलवत. एवढं बरं, की काही दिवसांनी घूस दिसेनाशी झाली. का, ते कुणाला कळलं नाही.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी लतिकाबाई आणि मुलांनी बागेतून चक्कर मारली. पावटा चांगला होता. कुंपणातल्या जुन्या बोरीला बोरं होती. पण वांगी मूठभर, प्रत्येकाला भोक. घाटे वाटीभर. गाजरं तर दयेनं बघावीत अशी. सगळं मिळून एका घराची भाजी झाली असती, तीही पाहुणे नसते तर.

“आजी,” देवव्रतरावांची नात इरा म्हणाली, “मग आता ब्लॉक बसणार?”

लतिकाबाईंना शिकवण्याची सवय होती, खोटं बोलण्याची नव्हती. “अजून उद्या उजाडायचाय,” त्या म्हणाल्या. इरा खाली मान घालून घरी गेली. तिच्या रडण्याचा आवाज जिन्यावरून वर चढत गेला तो सगळ्या मजल्यांनी ऐकला.

सकाळी उठून, न्हाऊन, टोपली घेऊन लतिकाबाई धुक्यातच बागेत गेल्या आणि दारातच थबकल्या.

वांग्यांची झाडं वाकली होती. जांभळी, तुकतुकीत, मोठाली वांगी एकेका फांदीला लटकत होती. हरभऱ्याच्या वाफ्यात गच्च भरलेली नवी झाडं उभी होती. गाजरांच्या ओळीत लाल लाल गाजरं मातीतून डोकं वर काढून बसली होती.

क्षणभर त्यांना देवाची आठवण झाली. मग त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, आणि माणसांची आठवण झाली. वांगी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली होती. गाठी तीन-चार वेगवेगळ्या हातांच्या. एकीची सरगाठ, एकीची फुलपाखरासारखी. एका झाडाला वांग्याशेजारी टोमॅटो होता. पलीकडे पावट्याच्या वेलाला एक गलेलठ्ठ ढोबळी मिरची टांगलेली होती. ढोबळी मिरची बागेत कधी लावलीच नव्हती, आणि ती टांगायला वापरलेला निळा दोरा लतिकाबाईंच्या स्वतःच्या शिवणाच्या डब्यातला होता. खोकला येणाऱ्या माणसाचं हे काम, हे त्यांनी ओळखलं. आणि गाजरं! गाजरं समान अंतरावर, दोरी धरल्यासारखी सरळ, आणि सगळीच्या सगळी उलटी खोचलेली. टोक आकाशाकडे, जाड बाजू मातीत.

लतिकाबाई वाफ्याच्या कडेला बसल्या. इतकं सरळ गाजर लावणारा माणूस कॉलनीत एकच होता.

त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. दोरे कापून भाजी टोपलीत भरायची, की बाग वाचली. त्यांनी ढोबळी मिरची काढून पदराखाली घेतली. एका गाजराच्या जुडीचं रबर राहिलं होतं, तेही कमरेला खोचलं. तोवर मुलं धावत आली, मागोमाग मोठीही आली. सगळ्या मोठ्या माणसांनी एकाच वेळी आकाशात पतंग बघायला सुरुवात केली. धुक्यात एकही पतंग नव्हता.

तनय वांग्यापाशी उभा राहिला. त्यानं ते फिरवून पाहिलं, खालून पाहिलं, वरून पाहिलं.

“आजी, याला भोकच नाही.”

“हं.”

“घाट्यांना पण नाही. हे आपलं आहे का?”

देवव्रतराव बुटाच्या टोकावरची माती बघत होते. इरानं लतिकाबाईंचा पदर धरला होता, आणि पदराखाली ढोबळी मिरची होती.

“नाही,” लतिकाबाई म्हणाल्या. “हे आपलं नाही. ज्याला भोक, ते आपलं.”

मुलांना एवढंच हवं होतं. ती वाफ्यांवर तुटून पडली. “हे आपलं! याला भोक आहे!” “हे नाही, गुळगुळीत आहे!” “आजी, या गाजरावर घुशीचे दात आहेत, आपलं!” अस्सल भाजी एका टोपलीत जमली, तोतया भाजीचा दुसरीकडे डोंगर झाला. ओरखडे, भोकं, कुरतडलेल्या कडा. त्या दिवशी मधुमालती कॉलनीत किडकेपणाला जी प्रतिष्ठा लाभली ती क्वचितच लाभली असेल.

“हा हरभरा कुणाचा?” तनयनं दरडावलं.

“माझा,” वाल्मीक म्हणाला. “गावाकडनं मुळासकट आनला. लावला बी नीट होता. पन भोकाचं ध्यानातच नाय आलं.”

मग एकेक कबुली आली. मृण्मयीची वांगी, जोशीकाकूंचा टोमॅटो. शामसुंदर नुसतेच खोकले. शेवटी उरली ती उलटी गाजरं.

“आजोबा,” इरा म्हणाली, “तुमची पट्टी इथंच राहिलीय.”

देवव्रतरावांनी पट्टी घेतली, पुसली, खिशात ठेवली. “गाजरं घरात उरली होती,” ते म्हणाले. नंतर हळूच म्हणाले, “रात्रभर रडत होती ती.” आणि मग सेक्रेटरी जागा झाला. “पण पैज पैज आहे, ताई. अख्ख्या कॉलनीची भाजी ठरली होती. ही टोपली…”

टोपली खरंच लहान होती. लतिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि वादाला काही जागा नाही हे त्यांनाही दिसलं.

“देवू!” वरून गॅलरीतून आवाज आला. अंबूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. “तू लहानपणी दही खायचास, ते विरजायला मी किती घालायची रे?”

“आई, आता दह्याचं काय…”

“किती?”

“चमचाभर.”

“मग दुधाचं काय व्हायचं?”

“दही.”

“कितीचं?”

“अख्ख्या पातेल्याचं,” देवव्रतराव पुटपुटले. इंजिनियरला प्रमाण कळतं.

“लतिके,” अंबूबाई म्हणाल्या, “तू तुझी भाजी कर. बायांनो, तुम्ही तुमच्या करा. बाजारातलं वांगं काही पाप नाही. आणि दर घरच्या पातेल्यात हिच्यातला एकेक चमचा पडला पाहिजे. न खाई भोगी, तो सदा रोगी. जा आता, घरट्यात पिल्लं निजलीत.”

दुपारी लतिकाबाईंच्या दारात अख्खी कॉलनी पातेली, कढया, डबे घेऊन उभी होती. मुलं चमच्यानं वाढत होती. एका पातेल्यात एक चमचा, न सांडता. इरा प्रत्येकाला बजावत होती, “नीट ढवळा हं.” देवव्रतरावांच्या चमच्यात भोक असलेलं वांगं आलं. त्यांनी ते बघितलं, आणि इतिवृत्तात घालायला काहीच न सुचून खाल्लं. संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा संदेश आला: ‘भाजी अख्ख्या कॉलनीला पोहोचली. सबब बाग राहील.’ त्याला सगळ्यांनी अंगठे दिले. शामसुंदरांनी पाच वेळा दिला, घरात दुसऱ्या दिवशी तरी वरणाबरोबर काही मिळावं म्हणून.

संक्रांतीनंतर ब्लॉकचा ढीग परत न्यायला टेम्पो आला. दोन हमालांनी वरचे ब्लॉक उचलले आणि तिसऱ्याला हात घालणार, तोच इरा किंचाळली. फळ्यांच्या खालून एक मुंगूस बाहेर आलं, मागचे दोन पाय टेकून ताठ उभं राहिलं, आणि त्याच्या मागं काही इवल्या नाकांची रांग दिसली. घूस कुठं गेली ते सगळ्यांना त्या क्षणी कळलं.

“बाळं आहेत!” मुलं ओरडली.

देवव्रतराव गेटवरून धावत आले. सत्तरीच्या माणसानं धावावं तसे नव्हे, खरोखर धावत. ढिगासमोर हात पसरून उभे राहिले. “ठेवा! ठेवा ते ब्लॉक जागच्या जागी!”

“साहेब, तुम्हीच तर बोलावलं उचलायला,” टेम्पोवाला म्हणाला.

“मग मीच सांगतोय, नाही उचलायचे. आणि तो वरचा तिरका ठेवलात. सरळ करा. घर आहे ते कुणाचं तरी.”

लतिकाबाई झारी घेऊन वाफ्यात उभ्या होत्या. हमालांनी तो ब्लॉक सरळ केला. देवव्रतरावांनी खिशातून पट्टी काढली, वाकून मोजलं, मान हलवली, आणि मग मुलांकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, “आता सगळ्यांनी दोन पावलं मागं. त्यांच्या जेवणाची वेळ आहे.”

“छान,” लतिकाबाई म्हणाल्या, आणि वांग्यांना पाणी घालू लागल्या.